पुस्तक उघडं ठेवून

संपादकांनी विषय दिला ‘परीक्षा’ आणि वर अट घातली: दहावी-बारावी नको, एमपीएससी नको, नीट तर नकोच. पोरांच्या परीक्षांवर पुष्कळ लिहून झालं, मोठी माणसं कुठल्या परीक्षा देतात ते बघा. म्हणून एका रविवारी सकाळी पिंपरीतल्या एका ऑफिसात जाऊन बसलो. आठवडाभर इथे आग विझवणाऱ्या स्प्रिंक्लरची ड्रॉइंग निघतात. रविवारी टेबलं एकाला एक लावून वर्ग भरतो.

वर्गाला मास्तर नाही. इस्लामपूरकडचा एक डिप्लोमाधारक, बारा वर्षं स्प्रिंक्लरच्या डिझाइनमध्ये घालवलेला. विमा कंपनीसाठी कारखान्यांची पाहणी करणाऱ्या एक मॅडम. औषध कारखान्याचा मेंटेनन्स बघणारे, पन्नाशीला टेकलेले एक गृहस्थ, ज्यांना सगळे ‘दादा’ म्हणतात. लॅपटॉपच्या पडद्यावर अबूधाबीहून जोडला गेलेला चिपळूणचा एक इंजिनियर. तिकडे तेव्हा साडेआठ वाजलेले, पाठीमागे बायकोची चहाची गडबड ऐकू येत होती. आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर साहेब. महापालिकेच्या अग्निशमन दलातून स्टेशन ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले. त्यांना परीक्षा द्यायची नाही. ते का येतात, असं विचारल्यावर मॅडम म्हणाल्या, “आम्ही पुस्तकात बघून सांगतो, साहेब बघितलेलं सांगतात.”

परीक्षेचं नाव सर्टिफाइड फायर प्रोटेक्शन स्पेशलिस्ट, बोलताना सीएफपीएस. अमेरिकेतली नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन, म्हणजे एनएफपीए, ती घेते. इंजिनियरिंगची पदवी असेल तर कामाचा थोडा अनुभव पुरतो. पदवी नसेल तर अनुभवाची जास्त वर्षं दाखवावी लागतात. इस्लामपूरच्या पठ्ठ्याला हेच मोलाचं वाटतं. त्याच्या ऑफिसातली बी.ई. झालेली मुलं त्याला विचारून ड्रॉइंग करतात आणि सही करताना मात्र त्याचं नाव खाली जातं.

घोकलेलं चालत नाही

प्रश्न ११०, त्यांतले १०० गुणांसाठी धरतात. वेळ तीन तास. एका प्रश्नाला पावणेदोन मिनिटंही येत नाहीत. आणि पुस्तक उघडं ठेवून लिहायची मुभा. आपल्याकडच्या कुणालाही हे ऐकून हसू येईल. पुस्तक समोर असताना नापास कोण होणार?

पुष्कळ जण होतात. कारण ते पुस्तक म्हणजे ‘फायर प्रोटेक्शन हँडबुक’, दोन जाडजूड खंड. एनएफपीए १८९६ साली स्थापन झाली आणि या ग्रंथाचं मूळ रूपही त्याच वर्षीचं. तेव्हा ते खिशात मावायचं म्हणतात. आता दोन हातांनी उचलावं लागतं. जळण्याचं रसायन, धुराचा प्रवास, माणसं घाबरल्यावर कशी वागतात, गोदामात काय कशावर रचावं, बंबांची रचना, विमानतळ, खाणी, दवाखाने, सगळं त्यात. परीक्षेच्या दिवशी ते वाचायला बसाल तर पहिल्या दहा प्रश्नांतच तास जाईल.

तेव्हा तयारी म्हणजे या पुस्तकात रस्ते पाडणं. प्रत्येकाच्या खंडांच्या कडेला रंगीत पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. दादांचं पुस्तक नवरात्रातल्या घटासारखं सगळीकडून उगवलेलं. मॅडमच्या पुस्तकाला जेमतेम वीस-पंचवीस. “पट्टी लावली की लक्षात राहिलं असं वाटतं, राहत काहीच नाही,” त्या म्हणाल्या. त्यांचा भर सूचीवर. रोज रात्री मुलगा झोपल्यावर त्या कुठलाही शब्द मनात धरतात आणि सूचीतून त्या पानावर पोचायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजतात. दादांना हे जमत नाही. शाळेपासून पाठांतरावर निभावलं, आता आठवतंय असं वाटून ते पान उघडतच नाहीत आणि तिथेच फसतात.

फसण्याच्या जागा मजेशीर आहेत. आगीचे वर्ग बघा. ‘सी’ वर्गाची आग कुठली? आपल्या भारतीय मानकांत ए म्हणजे लाकूड-कागद, बी म्हणजे पेट्रोलसारखी द्रव्यं, सी म्हणजे वायू, डी म्हणजे धातू. अमेरिकेत सी म्हणजे वीज चालू असलेली उपकरणं. वीस वर्षं सिलिंडरवरचं ‘सी’ बघून ज्याच्या डोक्यात गॅस बसला आहे, त्याचा हात सवयीने चुकीच्या पर्यायावर जातो. मग मापं. आपण बार आणि लिटरमध्ये विचार करतो, पुस्तक पौंड आणि गॅलनमध्ये बोलतं. १ बार म्हणजे साडेचौदा पीएसआय, १ अमेरिकन गॅलन म्हणजे पावणेचार लिटरच्या किंचित वर. इस्लामपूरच्या मुलाने हे दोन आकडे ऑफिसच्या भिंतीवर मार्करने लिहून ठेवले आहेत. मालकाने पुसायला सांगितले नाहीत, हेच विशेष.

दुप्पट आणि चौपट

मला ज्या प्रकरणात सगळ्यात रस वाटला, ते पाण्याचं गणित. स्प्रिंक्लरच्या टोकाला काचेची एक इवलीशी नळी असते. लाल द्रवाची असेल तर साधारण ६८ अंशांना फुटते, पिवळ्याची ७९ला, हिरव्याची ९३ला. जिथली नळी तापेल तिथलीच फुटते. सिनेमात हिरो लायटर धरतो आणि अख्ख्या मजल्यावर पाऊस पडतो, ते खोटं. दादा म्हणाले, आमचे डायरेक्टर अजून विचारतात, एका कोपऱ्यात धूर झाला तर सगळा माल भिजेल का? धुराने तर ती नळी फुटतही नाही, तिला उष्णता लागते.

फुटल्यावर पाणी किती पडेल, हे दाबावर ठरतं. नेहमीच्या स्प्रिंक्लरचा ‘के फॅक्टर’ ८०. १ बार दाबाला मिनिटाला ८० लिटर. पाणी दुप्पट हवं, १६० लिटर, तर दाब २ बार करून भागत नाही, ४ बार लागतो. दुप्पट पाण्याला चौपट दाब. आता आपल्या इमारती बघा. टाकी गच्चीवर. दहा मीटर उंचीला जवळजवळ १ बार दाब मिळतो. वीस मजली इमारतीत तळाला सहा बारच्या आसपास दाब असतो, होजची नळी हातात धरवत नाही, तिथे तो कमी करायची व्यवस्था लागते. आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर, जिथे शिडी पोचायची मारामार, तिथे टाकी डोक्यावर असूनही उंची चार-पाच मीटरच. अर्धा बार दाब, पाणी ५७ लिटरच्या आत. वरच्या मजल्याचा फ्लॅट महाग असतो. पाण्याच्या बाबतीत मात्र तोच सगळ्यात गरीब, आणि म्हणून गच्चीवर बूस्टर पंप लागतो.

तिकडे आगही गुणाकारानेच वाढते. पुस्तकात आगीच्या वाढीचे ठोकळ वेग दिले आहेत: मंद, मध्यम, जलद, अतिजलद. जलद म्हणजे १५० सेकंदांत सुमारे १ मेगावॉट उष्णता. वेळ दुप्पट झाला की उष्णता चौपट. पाच मिनिटांना ४ मेगावॉट ओलांडलेले असतात. साहेब तोवर गप्प होते. ते म्हणाले, “वर्दी मिळते तेव्हा ही पाच मिनिटं होऊन गेलेली असतात. आधी लोक स्वतः पाणी मारतात, मग शेजाऱ्याला हाक, मग व्हिडिओ, मग आम्ही.” आणि ट्रॅफिक त्यात धरलेलाच नव्हता. एका प्रश्नाला मिळणाऱ्या वेळेत जलद आग कुठवर पोचते, याचा हिशेब मॅडमनी तिथेच करून दाखवला: १ मेगावॉटच्या निम्म्याला पोचत नाही, पुढचा प्रश्न होईपर्यंत दीडपटीच्या पुढे. यावर कुणी हसलं नाही.

दाराशी अडलेली माणसं

या वर्गात सर्वाधिक भांडण होतं ते दारं आणि जिने या प्रकरणावर. इथे अमेरिकन पुस्तक आणि आपली २०१६ची राष्ट्रीय इमारत संहिता समोरासमोर येतात. जिन्याची रुंदी माणशी किती धरायची? आपली संहिता बहुतेक इमारतींना १० मिलिमीटर म्हणते, अमेरिकन ७.६. एक मीटर रुंदीचा तोच जिना इकडे शंभर माणसांचा, तिकडे एकशेतीसच्या वर. सोमवारी ऑफिसात नकाशा मंजुरीसाठी आपला आकडा, रविवारी परीक्षेसाठी त्यांचा. दादा वैतागून म्हणाले, “माणूस तोच, जिना तोच, मग खरं काय?”

माझ्या मते दोन्ही. असे आकडे निसर्गातून येत नाहीत. कुठलीतरी गर्दी कुठेतरी अडकते, चौकशी होते, समिती बसते आणि मग मिलिमीटर ठरतात. २५ मार्च १९११ला न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात १४६ जण गेले, बहुतेक तरुण स्थलांतरित मुली. एका बाजूचं दार कुलूपबंद होतं, बाहेरचा लोखंडी जिना वजनाने कोसळला. त्यानंतर एनएफपीएने माणसांच्या सुटकेसाठी वेगळी समिती नेमली आणि आज ज्याला ‘लाइफ सेफ्टी कोड’ म्हणतात त्याची सुरुवात तिथून झाली. १९४२च्या नोव्हेंबरात बोस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह नाइटक्लबात ४९२ मेले. क्षमतेच्या दुपटीच्या आसपास गर्दी, मुख्य दार फिरतं; ते माणसांच्या लोंढ्याने अडकून बसलं. आज मोठ्या हॉटेलात फिरत्या दाराच्या शेजारी साधं ढकलायचं दार दिसतं, ते त्या रात्रीचं देणं.

मुंबईतली २९ डिसेंबर २०१७ची कमला मिलच्या आगीची रात्र वर्गाला सांगावी लागत नाही. गच्चीवरची रेस्टॉरंट, वर ज्वलनशील आच्छादन, आणि १४ मृत्यू. पुष्कळ जण स्वच्छतागृहात सापडले. पुस्तकात याचं कारण एका परिच्छेदात आहे: माणूस संकटात ओळखीच्या वाटेकडे वळतो, खुणेचा हिरवा दिवा वाचत बसत नाही. साहेबांनी त्यावर स्वतःची पुरवणी जोडली. धूर खाली उतरताना दिसत नाही, आधी दिवे गेल्यासारखं वाटतं. मग माणूस भिंतीला हात लावत जातो आणि जे दार पहिलं हाताला लागेल ते उघडतो. ते बाहेरचं असेल असं नाही.

मुंबईच्या अग्निशमन दलाचं तर पंचांगच एका स्फोटाने ठरलेलं आहे. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया गोदीतलं ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज. एकाच जहाजात शेकडो टन स्फोटकं आणि कापसाच्या गाठी. आग लागली ती कापसाला. दलाचे साठाहून अधिक जवान गेले, म्हणून देशभर त्या तारखेला अग्निशमन सेवा दिन पाळतात. हँडबुकात साठवणुकीवर मोठा विभाग आहे, कशाशेजारी काय ठेवू नये याच्या नियमांनी भरलेला. औषध कारखान्यातल्या दादांना तो एकदम पाठ. “हे घोकलं नाही,” ते म्हणाले, “हे रोजचं आहे.” रसायनांच्या ड्रमशेजारी पुठ्ठ्यांच्या घड्या ठेवू नका म्हणून स्टोअरवाल्याशी त्यांचं दर आठवड्याला वाजतं.

तळघरातला पंप

वर्ग संपल्यावर इस्लामपूरचा इंजिनियर मला एका गृहसंकुलात घेऊन गेला. पुस्तकातलं प्रकरण प्रत्यक्षात कसं दिसतं ते दाखवतो म्हणाला. सुपरवायझरने चावी शोधायला बराच वेळ लावला, त्यावर त्याने काही न बोलता घड्याळ बघितलं.

पंपरूममध्ये तीन पंप. विजेवरचा मुख्य, वीज गेली तर डिझेलचा, आणि छोटा जॉकी. जॉकीचं काम पाइपातला दाब टिकवून ठेवणं. कुठे थेंब थेंब गळलं तर तो सुरू होऊन भर घालतो. खरंच स्प्रिंक्लर फुटला किंवा हायड्रंट उघडला की त्याच्याने दाब सांभाळला जात नाही, दाब पडतो आणि मोठा पंप आपोआप सुरू होतो. आपोआप, म्हणजे पॅनेलवरचा खटका ‘ऑटो’वर असेल तर. इथे तो ‘मॅन्युअल’वर होता.

हा निष्काळजीपणा आहे, असं म्हणून पुढे जाणं सोपं आहे. कारण बघितलं तर गोष्ट साधीच निघाली. रायझरला, म्हणजे मजल्यांवर चढणाऱ्या उभ्या पाइपाला, कुठेतरी बारीक गळती. जॉकी दर थोड्या वेळाने सुरू व्हायचा. एका रात्री दाब जास्तच उतरला, मुख्य पंप धडधडत सुरू झाला, पहिल्या मजल्यावरच्या आजोबांची झोप मोडली, तक्रार गेली, इलेक्ट्रिशियनने खटका फिरवला. गळती शोधायला प्लंबर, मचाण, मीटिंग, कोटेशन. खटका फिरवायला एक बोट. इमारतीतली बहुतेक अग्निसुरक्षा अशीच कुणाच्या तरी झोपेपायी बंद पडलेली असते. जिन्याचं फायर डोअर आपोआप मिटायला हवं. ते सारखं आपटतं म्हणून त्याखाली पायपुसणं सरकवलेलं. होज बॉक्समधली पितळी नोझल चोरीला जाते म्हणून ती काढून सोसायटीच्या कपाटात, कपाटाची चावी सेक्रेटरींकडे, सेक्रेटरी पुण्याबाहेर.

पंपाची चाचणी घेताना त्याने मला परीक्षेतला आवडता प्रश्न समजावला. २२८० लिटरचा, ७ बारचा पंप घ्या. पाणी कुठेच जात नसताना त्याचा दाब १४० टक्क्यांवर, म्हणजे ९.८ बारच्या वर जाता कामा नये, नाहीतर पाइपांचे सांधे जातील. आणि दीडपट पाणी, ३४२० लिटर, ओढलं तरी दाब ६५ टक्क्यांच्या, म्हणजे ४.५५ बारच्या खाली उतरता कामा नये. चांगला पंप ओळखायचा तो या दोन टोकांमध्ये. कागदावर हा प्रश्न तो मिनिटात सोडवतो. तिथे मात्र दीडपट पाणी सोडून मोजायची सोयच बसवलेली नव्हती. दाबाचा काटाही ६वर चिकटलेला. पंप बंद केल्यावरही ६च.

डिझेल पंपाच्या बॅटरीवर पांढरी-हिरवी बुरशी चढली होती. दर आठवड्याला अर्धा तास चालवायचा हा पंप. नोंदवहीत दर सोमवारी चालवल्याची टिक होती, एकाच पेनाने, एकाच दमात केलेली.

सही कुणाची

पुणे-मुंबईत ही परीक्षा द्यायचं कारण विचारलं तर आदर्शवाद ऐकू येत नाही, ते बरं वाटलं. आखातात जाहिरातींमध्ये सीएफपीएसला प्राधान्य असतं. विमा आणि कन्सल्टन्सीत परदेशी ग्राहकांसमोर नावापुढे ही अक्षरं असली की बोलणं ऐकून घेतात. अबूधाबीचा गडी तर स्पष्टच म्हणाला, “इथे मल्याळी पोरं आधीच पास होऊन बसलीत.” दुबईत २०१५च्या अखेरच्या रात्री उंच हॉटेलच्या बाहेरच्या पत्र्यांनी पेट घेतला, लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये २०१७ला ७२ जण गेले, तेव्हापासून इमारतीच्या दर्शनी आवरणाबद्दल बोलू शकणाऱ्या माणसाला तिकडे किंमत आहे.

आपल्याकडे या विद्येचं घर नागपूर. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ला रामपूरला निघालं आणि वर्षभरात नागपूरला आलं. देशभरातल्या दलांचे अधिकारी तिथे घडतात. साहेब तिथलेच. शिडीवरून उतरताना तिथे खांद्यावर माणूस घ्यावा लागायचा, हे ते अजून अभिमानाने सांगतात. त्यांच्या शिक्षणात घाम पहिला, कागद नंतर. तालुक्यातालुक्यांतल्या एस.टी. स्टँडसमोर ‘फायर अँड सेफ्टी’चे जे फलक दिसतात, सहा महिन्यांत डिप्लोमा आणि शंभर टक्के नोकरी, त्यांच्याबद्दल साहेबांनी जे शब्द वापरले ते दिवाळी अंकात छापता येणार नाहीत. मला त्या मुलांचं वाईट वाटतं. फी भरून ती सुरक्षारक्षकाच्या पगारावर कारखान्याच्या गेटवर उभी राहतात, हेल्मेट फक्त लाल.

सीएफपीएस पास झालं म्हणजे कायमचं सुटलं, असं नाही. दर तीन वर्षांनी काम, प्रशिक्षण, लेखन, शिकवणं यांतून ५० गुण जमवून ते नव्याने करावं लागतं. ही कल्पना मला पटते. पंपाला दर आठवड्याला चालवायचं तर माणसालाही कधीतरी चालवून बघायला हवं.

मी भेटलो त्यानंतर काही आठवड्यांनी इस्लामपूरचा मुलगा पास झाला. दादा थोडक्यात राहिले. जिने आणि दारं यांनीच घात केला, त्यांनी फी पुन्हा भरली आहे. इस्लामपूरचा मुलगा त्या पंपाच्या सोसायटीत पेढे वाटायला गेला, तेव्हा अध्यक्षांनी त्याला बाजूला घेतलं. महाराष्ट्रात २००६च्या कायद्यानुसार आगीच्या व्यवस्था चालू असल्याचं ‘फॉर्म बी’ दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. “आता तू अमेरिकेचा पास झालास, मग एजन्सीला कशाला पैसे? तूच सही मार.”

त्याला ती सही करता येत नाही. राज्याच्या अग्निशमन संचालनालयाचा परवाना असलेली एजन्सीच ती करू शकते, अमेरिकेचं प्रमाणपत्र इथे त्या कामाचं नाही. हे त्याने समजावून सांगितलं. अध्यक्षांना पटलं नाही. शेवटी ठरलं असं की, जुलैत एजन्सीचा माणूस येईल तेव्हा सही होण्याआधी पंप ‘ऑटो’वर टाकून एक हायड्रंट उघडायचा आणि सगळ्यांनी खाली उभं राहून बघायचं. गळतीच्या प्लंबरचं कोटेशन अध्यक्षांनी पुढच्या मीटिंगच्या विषयपत्रिकेवर घातलं, पार्किंगच्या वादानंतर, सहाव्या क्रमांकावर.